माउलीच्या नावाचा कौल

भजन शिकायला आम्हा बायकांना एक पावसाळा पुरला. मंडळाला नाव शोधायला मात्र दुसरा पावसाळाही पुरला नसता, इतका तो घोळ वाढला होता.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. मी लग्न होऊन धारगळहून पाळी-सुर्ल्याच्या बाजूला नुकतीच आले होते. माहेरी हायवेला लागून आमचं दुकान, त्यामुळे गाड्यांची मला सवय होती. पण इथल्या गाड्या खनिजाच्या. सकाळी अंगण झाडावं, दुपारी बोटाने रेघ ओढावी तर खाली पुन्हा लाल धूळ. पांढरं लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्यांचेही काठ आपोआप लाल व्हायचे. पंचायतीच्या बालवाडीच्या खोलीत मी शिवणाचा वर्ग चालवत असे. दुपारी मुलं घरी गेली की खोली रिकामी. त्या रिकाम्या खोलीत आमचं भजन सुरू झालं.

तालुक्याला पहिल्यांदाच बायकांची भजनी स्पर्धा व्हायची होती. अट एकच कडक होती. गाणाऱ्या बायका, तशा वाजवणाऱ्याही बायकाच हव्यात. पेटी मी वाजवत होते, मोडकीतोडकी का होईना. टाळ कुणीही वाजवतं. अडलं ते पखवाजाशी. आमच्या गावात पखवाज पुरुषांच्या मांडीवरून कधी खाली उतरला नव्हता.

तो वाजवणारी बाई आम्हाला आमच्याच परसात सापडली. आमच्या मागच्या खोलीत एक ड्रायव्हर भाड्याने राहायचा. मूळचा कोल्हापूरकडचा, सुर्ल्याहून नदीवरच्या धक्क्यापर्यंत खनिजाचा ट्रक चालवायचा. त्याची बायको कपडे धुताना दगडावर नुसते कपडे आपटत नसे, ठेका धरून आपटत असे. मी विचारलं तर म्हणाली, "आमचं आबा गावच्या भजनात पखवाज वाजवत्यात. त्यास्नी ल्योक न्हाई, म्हणून मला शिकिवलं. लगीन झाल्यापासनं हात लावला न्हाई."

नवऱ्याने पुढच्या खेपेला सासऱ्याचा जुना पखवाज ट्रकातून आणून दिला. केबिनमध्ये स्वतःच्या शेजारी बसवून आणला म्हणे, चादरीत गुंडाळून. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय त्याचा आवाज घुमत नाही. आम्ही भात खाणारी माणसं, गव्हाचं पीठ क्वचित घरात. ती आपल्या घरातून कणकेचा गोळा भिजवून आणायची आणि भजन संपलं की खरवडून कोंबड्यांना घालायची. तिने पहिली थाप मारली तेव्हा आमच्यातली एक बाई दचकून टाळ सांडून बसली. त्या दिवसापासून आमचं भजन भजनासारखं वाटायला लागलं. ती नसती तर आम्ही नुसता गलका होतो. ती चांगली बाई होती हे नंतर कळलं. त्या वेळी मला दिसत होता तो पखवाज.

तर, नाव.

स्पर्धेच्या अर्जावर नावाची जागा होती आणि अर्ज मीच भरणार होते, कारण मला शिवणवर्गाचे कागद भरायची सवय होती. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. पण ते वर्ष तसं नव्हतं. राज्याची भाषा मराठी की कोंकणी, यावरून आधीची दोन वर्षं जे काही झालं होतं ते अजून भिंतींवर रंगवलेलं होतं. रस्ते अडले होते, बसेस बंद होत्या, भाऊ भावाशी बोलत नव्हता. आमच्या मंडळात दोन सख्ख्या जावा होत्या. थोरलीचा नवरा मराठीवाला, धाकटीचा कोंकणीवाला. एका चुलीवर जेवण, पण माडीवर दोन वर्तमानपत्रं.

थोरली म्हणाली, "स्वरगंगा."

धाकटी म्हणाली, "आबोल्यांचो झेलो."

"झेलो केसांत माळतात. भजनाचो झेलो कसलो?"

"आनी गंगा आमच्या गांवांत खंयच्यान व्हांवता गो? आमची न्हंय बारकी, ती लेगीत तांबडी."

हसू आलं तरी कुणी हसलं नाही. हसलं तर कुठल्या बाजूने हसलो ते बघितलं गेलं असतं. गंमत अशी की दोघी घरी कोंकणी बोलायच्या, दोघी मराठी शाळेत शिकल्या होत्या आणि आमची भजनं तर सगळी मराठीच. दोघींना एकच अभंग पाठ होता आणि दोघी तो एकाच जागी चुकायच्या.

मी एक युक्ती काढली. नाव चांगलं की वाईट ते कागदावर कळत नाही, हाक मारल्यावर कळतं. स्पर्धेत माइकवरून निवेदक पुकारणार, तेव्हा ते मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं पाहिजे. म्हणून जी नाव सुचवेल तिने दारात उभं राहून ते समोरच्या विहिरीपर्यंत ओरडून दाखवायचं, आणि विहिरीवरच्या बाईने ते परत सांगायचं. अशाने निम्मी नावं गळाली. कुणाच्या नवऱ्याने सुचवलेलं एक नाव इतकं लांब होतं की सांगणाऱ्या बाईचा श्वास 'महिला'पाशीच संपला. विहिरीवरची म्हणाली, "कोण मेलें गो?"

माझी सासू खोलीच्या दाराशी पान लावत बसायची. ती गात नव्हती, पण येत होती. ती म्हणाली, "पोर जाल्या उपरांत बारसो करतात. तुमी पोटाक हात लावन नांवां सांगतात."

शेवटी नाव आणलं ते वयनीने. वयनी म्हणजे देवस्थानच्या अध्यक्षांची बायको. आमच्यात वयाने मोठी, गळ्याने गोड, आणि कुणाचंही न ऐकणारी. म्हणाली, "इतको वाद कित्याक? माउलीचें नांव घालूया. माउली महिला भजनी मंडळ. देवी मराठीय न्हय, कोंकणीय न्हय."

देवीच्या नावाला नको कोण म्हणणार? दारातून ओरडून पाहिलं, नाव विहिरीपर्यंत पोचलं. लहान, खणखणीत, तोंडात बसणारं. मलाही आवडलं. अर्ज पुढे ओढून मी पेनाचं टोपण काढलं आणि मग माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडे देवीचं नाव कुणी घेतलं की ते मंडळ देवळाचं होतं. दर महिन्याला एका वाड्याच्या पाळीला त्याने देवळाच्या चौकात, म्हणजे देवीसमोरच्या मंडपात, बसून भजन करायचं. आणि चौकात बसून सेवा करण्याचा हक्क गावकरांचा, म्हणजे गावच्या मूळ घरांचा. बाहेरगावाहून पोटासाठी आलेली माणसं पायऱ्यांखाली दीपस्तंभापाशी बसायची. प्रसाद त्यांना मिळायचा, नैवेद्यही मिळायचा, पण चौकात बसता येत नसे. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर खोडता तरी आलं असतं.

मी विचारलं, "वयनी, मग पखवाजाचें कितें?"

वयनीने पखवाजाकडे पाहिलं, मग वर आढ्याकडे. ती दुष्ट नव्हती. तिच्याच घरून आजारपणात त्या ड्रायव्हरच्या खोलीत पेज गेली होती. पण पेज वेगळी, चौक वेगळा.

"म्हज्या भाचयेक शिकयतलीं," ती म्हणाली. "स्पर्धेक वेळ आसा."

वेळ होता, पण थोडाच. आणि ती भाची टाळसुद्धा उशिरा मारायची.

हे सगळं बोलणं झालं तेव्हा कोल्हापूरकरीण तिथेच होती. डाव्या अंगाची कणीक खरवडत होती. तिने मान वर केली नाही. बायका गेल्यावर मी खिडक्या लावत होते, तेव्हा ती जवळ आली.

"ताई, मला काढायचं असंल तर आत्ताच सांगा. मला राग न्हाई. तुमचा देव, तुमची रीत."

"कोणी काढलं नाही अजून."

"न्हाई, पर सांगा. ह्यो पखवाज इतकी वर्सं गुंडाळूनच हुता, तवा काय वाटत नव्हतं. आता एकदा सोडलाय. परत गुंडाळायला लई जड जाईल बघा. मग मी आबांकडं पाठवून दीन. हितं डोळ्यासमोर नको."

मी तिला काही वचन दिलं नाही. गावात मी नवी सून होते, देवस्थानच्या रितीवर माझा शब्द किती चालणार ते मला ठाऊक होतं. न चालणारा शब्द देण्यात अर्थ नसतो.

रात्री जेवताना मी सगळं घरात सांगितलं. नवरा म्हणाला, "दुसरें नांव घालात." जसं काही आम्ही दुसरं नाव बघितलंच नव्हतं. सासू मात्र भात कालवत म्हणाली, "नांव कोणाचें? देवीचें. मग तिकाच विचार गो. तुमीं बायलो एकामेकांक कित्याक विचारतात?"

आमच्याकडे लग्न, घराचा पाया, हरवलेलं जनावर, सगळ्याला देवीचा कौल घेतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पिटकोळीची बारकी लाल फुलं पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे प्रश्न मांडतो, आणि सगळे वाट बघतात. उजव्या बाजूचं फूल पडलं तर हो. डावं पडलं तर नाही. एकदा कौल झाला की विषय संपला. त्यावर घरात कुरकुर करता येते, गावात नाही.

वयनी लगेच तयार झाली. तिला खात्री होती की देवी आपलं नाव द्यायला नाही म्हणणार नाही. दोन्ही जावाही तयार झाल्या, कारण हरायचं झालंच तर देवीपुढे हरलेलं बरं. माझी एकटीची पंचाईत होती. उजवं पडलं तर नाव मिळणार आणि पखवाज जाणार. डावं पडलं तर वयनीचा अपमान होणार, ती मंडळ सोडणार, आणि आम्ही पुन्हा गंगा आणि झेल्याच्या मधोमध. मला कुठलंच फूल पडायला नको होतं.

सोमवारी सकाळी आम्ही सगळ्या देवळात गेलो. मीच कोल्हापूरकरणीला पखवाज घेऊन ये म्हटलं होतं. का म्हटलं ते आता नीट सांगता येणार नाही. कदाचित सगळे तिला बघत असताना निर्णय व्हावा असं वाटलं असेल. ती पायऱ्यांखाली दीपस्तंभाला टेकून बसली, मांडीवर चादरीत पखवाज. कणकेचा गोळा तिने माझ्या हातात दिला. "भजन झालंच तर लागंल," म्हणाली. तो हातात धरूनच मी चौकात गेले.

गुरव म्हातारा होता. दोन्ही बाजूंना फुलं लावून त्याने हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे गुरव एकेक ओळ म्हणतो आणि जमलेली माणसं दर ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून इतकं म्हटलेलं असतं की ओळ संपली की तोंड आपोआप उघडतं.

"बाये माउली, गांवचे राखणदारणी..."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो तुज्यो लेकी आज तुज्या पांयांकडेन आयल्यात..."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज वयनीचा. तिचा गळा मुळात तसाच.

"गांवच्यो, वाड्यावयल्यो, तशोच भायल्या गांवच्यान पोटा खातीर आयिल्ल्यो, तुज्या सावळेंत रावपी, सगळ्यो तुज्योच म्हूण..."

"व्हय म्हाराजा."

माझं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मी वयनीकडे पाहिलं. ती डोळे मिटून होती.

"ह्यो सगळ्यो तुजें नांव लावन, तुज्या चौकांत बसून, तुजी सेवा करूंक सोदतात. नांव दिवपाचें आसत तर उजवें दी. ना जाल्यार दावें दी. आनी कोणाचें चुकलें-माकलें आसल्यार पोटांत घाल."

"व्हय म्हाराजा!"

फूल काही पडेना. गुरव बाजूला झाला आणि खाली बसला. थोरली जाऊ पुटपुटत होती, धाकटी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते. एक रिकामा गेला, एक भरलेला गेला. भरलेला जातो तेव्हा आमच्या देवळाची घंटा हात न लावता थोडीशी हलते. गाऱ्हाण्यात बाहेरगावच्याही आल्या होत्या, म्हणून आता मला उजवं हवं होतं. आयुष्यात मी देवाकडे फारसं काही मागत नाही. मागून बसण्यापेक्षा कामाला लागलेलं बरं असं मला वाटतं. पण त्या वेळी मी हातातला गोळा इतका दाबत होते की तो बोटांमधून बाहेर येत होता.

आणखी एक भरलेला ट्रक गेला. उजव्या खांद्यावरचं लाल फूल सरकलं, जरा थांबलं, आणि खाली देवीच्या पायाशी पडलं.

बायकांनी एकदम श्वास सोडला. वयनीने डोळ्यांना पदर लावला. "म्हाका खबर आशिल्ली," ती म्हणाली, "बाय आपलें नांव आमकां दितली."

मी म्हटलं, "वयनी, मग सगळ्यांनी चौकात बसायचं ना?"

"सगळ्यांनी म्हणजे?"

"गाऱ्हाण्यात होत्या त्या सगळ्यांनी. गावच्या आणि बाहेरच्या."

वयनी गुरवाकडे वळली. "भायल्यो? तुका तशें कोणें सांगिल्लें?"

गुरव ओली फुलं गोळा करत होता. म्हणाला, "सांगपाचें कितें? गाराणें तशेंच घालतात. म्हजो बापूय तशेंच घालतालो. रेडो सोदूंक घालता तेन्नाय तशेंच."

"पूण आयचो प्रस्न वेगळो आशिल्लो!"

"मागीर तेन्नाच आडावपाचें आशिल्लें, वयनीबाय. तुवें तर सगळ्यांत व्हडल्यान व्हय म्हळें."

ते खरं होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्या सासूने खांबाआडून मान डोलावली. गुरवाने हे मुद्दाम केलं की सवयीने, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारून मिळणाऱ्या कुठल्याच उत्तराचा मला उपयोग नव्हता.

तरीही वयनीच्या कपाळावरची आठी जाईना. ती नवऱ्याला सांगणार, तो समितीत विषय काढणार, मग बैठका, मग पुन्हा कौल, असं सगळं मला समोर दिसायला लागलं. आणि नेमका तेव्हा माझ्या नवऱ्याने तोंड घातलं. तो आम्हाला सोडायला आला होता आणि दारात उभा होता. स्वभाव थट्टेखोर. म्हणाला, "वयनी, कित्याक भियेता? तें फूल देवीन ना घालूंक. त्या ट्रकान घालें. चाकां वयल्यान गेलीं, घांट हाल्ली, फूल पडलें."

वयनी त्याच्यावर अशी उसळली की देवळातली कबुतरं उडाली.

"तोंड धू रे पयलीं! माउलीचो कौल ट्रकाचेर घालता? तिणें उजवें दिलां म्हणजे दिलां! तुज्या म्हज्या म्हणण्यान तें दावें जाता?"

"ना, ना," तो मागे सरकत म्हणाला.

"मागीर वगी राव."

बोलून झाल्यावर ती स्वतःच क्षणभर उभी राहिली. आपण कशाच्या बाजूने भांडलो हे तिच्या लक्षात आलेलं मला दिसलं. ती हुशार बाई होती. तिने पदर सावरला, चौकाच्या कडेला गेली आणि खाली हाक मारली.

"गो, थंय कित्याक बसल्या? पांय धू आनी वयर यो. त्या खांबाकडेन बस, थंय भुंय सुकी आसा."

कोल्हापूरकरीण उठली नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती उठली, नळावर पाय धुतले, दोनदा धुतले, आणि पखवाज छातीशी धरून पायऱ्या चढली. चौकाच्या कडेशी आल्यावर कुठल्या पायाने आत यायचं ते तिला कळेना. धाकट्या जावेने तिच्या हातातला पखवाज घेतला आणि थोरलीने हाताला धरून तिला खांबापाशी बसवलं. त्या दोघींनी मिळून एक काम केलेलं मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

मीही तिच्याशेजारी बसले. देवळातली पेटी समोर ओढली. नाव मिळालं, पखवाज राहिला, वयनी रुसली नाही आणि अर्ज वेळेत जाणार होता. इतकं सगळं एकाच सकाळी जमून आलं यावर माझा विश्वास बसत नव्हता. पुढे स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. थोरली आणि धाकटी नेहमीच्या जागी चुकल्या, या वेळी एकत्र. पण निवेदकाने आमचं नाव एका श्वासात म्हटलं आणि ते मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं. तिथे ट्रकवाल्यांची एक रांग बसली होती, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

त्या सोमवारी मात्र भजन लगेच सुरू झालं नाही. कोल्हापूरकरणीने चादर सोडली, वाद्या ओढल्या, डावं अंग माझ्याकडे फिरवलं आणि हात पुढे केला.

"ताई, कणीक."

मी मूठ उघडली. गोळ्याचं काही उरलं नव्हतं. बोटांच्या सांध्यांत सुकलेले तुकडे, बाकी सगळं माझ्या लुगड्यावर.

ती हसायला लागली. आम्ही सगळ्याच हसायला लागलो, आणि या वेळी कोण कुठल्या बाजूने हसतंय ते कुणी बघितलं नाही. आता कणीक आणायची कुठून? आमच्या घरांत गव्हाचं पीठ क्वचित, आणि तिच्या घरातलं शेवटचं पीठ त्या गोळ्यातच गेलं होतं.

"आमगेर आसा," वयनी म्हणाली. अध्यक्षांना मधुमेह होता, त्यांना रात्री चपाती लागायची. तिने देवळाच्या दारातूनच आपल्या घराकडे हाक घातली. तिचा आवाज विहिरीच्याही पलीकडे गेला.

पीठ आलं. वयनीने ते स्वतः भिजवलं, सैल झालं. कोल्हापूरकरीण म्हणाली, "काकी, जरा घट्ट पायजे. ह्याचं थालीपीठ हुईल."

वयनीने मुकाट्याने आणखी पीठ घातलं.